बोलिव्हियाची चांदी गेली कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिव्हिया नक्की कुठे आहे? आफ्रिकेत का?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की पहिलाच ठेवला. नाही, दक्षिण अमेरिकेत, अगदी पोटात. पेरू, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना आणि चिली या पाच देशांनी चारी बाजूंनी वेढलेला. आकार महाराष्ट्राच्या साडेतीन पट, वस्ती मात्र एकट्या मुंबईपेक्षा कमी, सव्वा कोटीच्या आतच. पश्चिमेला अँडीजचं थंड, उंच पठार. पूर्वेला ॲमेझॉनकडे उतरणारं उष्ण, हिरवं सखल. स्पेनने इथे सुमारे पावणेतीनशे वर्षं राज्य केलं. १८२५ साली देश स्वतंत्र झाला.

आपण मराठी माणसांनी त्याबद्दल का वाचायचं?

एकादशीच्या खिचडीपासून सुरुवात करू. शेंगदाण्याचं मूळ घर म्हणजे दक्षिण बोलिव्हिया आणि लगतचा अर्जेंटिनाचा वायव्य भाग. बटाटा प्रथम पिकवला गेला तो बोलिव्हिया-पेरूच्या सीमेवरच्या तितिकाका सरोवराच्या आसपास. मिरचीचं मूळ कूळही त्याच खंडातलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिथलाच. म्हणजे आपलं उपासाचं ताट, तूप-जिरं वगळलं तर, जवळजवळ सगळं दक्षिण अमेरिकेचं. गंमत अशी, की कांदा-लसूण आपल्याकडे त्याहून कितीतरी जुने, पण ते चालत नाहीत.

दुसरं कारण चांदीचं. ते खाली येतंय.

स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे काय होतं?

पठारावरच्या आयमारा या मूळ लोकांची राज्यं, आणि त्यांना जिंकून बसलेलं इंका साम्राज्य. इंकांच्या चार दिशांच्या राज्यातला हा दक्षिणेकडचा भाग. राजधानी कुस्कोला बसलेल्या इंकांनी गावागावांवर आळीपाळीने सरकारी कामाची पाळी लावली होती: रस्ते, कोठारं, शेती. त्या पाळीला म्हणत ‘मिता’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो फार वेगळ्या अर्थाने भेटतो.

पोतोसीच्या डोंगराचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण १५४५ नंतर जगाच्या बाजारात चांदी ओतली ती मुख्यतः या एका डोंगराने. नाव सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. उंची सुमारे ४,८०० मीटर, आकार थेट लहान मुलाने काढलेल्या डोंगरासारखा, आणि रंग तांबूस. दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला इथे चांदीची शीर सापडली असं सांगतात. पायथ्याला ४,००० मीटरवर, जिथे धड काही पिकत नाही आणि नवख्याला चार पावलं टाकताना धाप लागते, तिथे साठेक वर्षांत दीड लाखाच्या वर वस्तीचं शहर उभं राहिलं. त्या काळातल्या युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीला जगात निघणाऱ्या चांदीपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या पोतोसीची होती. स्पॅनिश भाषेत एखादी गोष्ट अनमोल आहे म्हणायचं तर आजही ‘तिचं मोल एक पोतोसी’ असं म्हणतात.

सुरुवातीची पंचवीस-एक वर्षं सोपी गेली. वरचं खनिज इतकं कसदार होतं की स्थानिक लोक ते डोंगरावरच्या वाऱ्यावर पेटणाऱ्या लहान मातीच्या भट्ट्यांत वितळवत. ते संपल्यावर १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने सगळी घडीच बदलली. पेरूतल्या वांकाव्हेलिका इथून पारा आणायचा, खनिज दळून त्यात मिसळायचं, पाऱ्याने धरलेली चांदी वेगळी काढायची. दळायला पाणचक्क्या हव्यात म्हणून डोंगरात तलाव बांधले. १६२६ साली त्यातला एक बांध फुटला आणि खालच्या गिरण्या आणि घरं माणसांसकट वाहून गेली.

टांकसाळही तिथेच. सुरुवातीची नाणी कशी पाडत ते बघण्यासारखं आहे. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडायचा, कात्रीने कडा छाटून वजन जुळवायचं, आणि ठशात धरून वर हातोडा. त्यामुळे दोन नाणी एकसारखी नाहीत, कडा वेड्यावाकड्या. ठशावर चांदीची पारख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचं अक्षर असे. चांदी कमी भरली तर कुणाची मान धरायची ते नाण्यावरच लिहिलेलं! आणि ती धरली गेलीही. १६४० च्या दशकात टांकसाळीतल्या मंडळींनी चांदीत भेसळ केली, युरोपात व्यापारी पोतोसीचं नाणं घेईनात, आणि १६५० साली त्या घोटाळ्यातल्या गोमेस दे ला रोचा या बड्या धनिकाला मृत्युदंड झाला.

‘मिता’ म्हणजे गुलामगिरीच ना?

मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वेठ.

तोलेदोने इंकांचा जुना शब्द उचलला आणि त्यात नवा आशय भरला. १५७३ पासून सोळा प्रांतांतल्या गावांनी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीला पाठवायचा. सुरुवातीला ही संख्या साडेतेरा हजारांच्या घरात होती. लांबच्या गावांहून चालत यायलाच दोन महिने लागत. बायका-मुलं, लामांचे कळप, वाळवलेले बटाटे, सगळं घेऊन लोक निघत. मजुरी मिळे, पण ती पोटाला पुरत नसे. खाणीतली ओझी पाठीवर बांधून चामड्याच्या शिड्यांवरून वर आणायची, आणि बाहेर आलं की हाडं गोठवणारा वारा.

पण इथे थोडा तपशील पाहायला हवा. सतराव्या शतकात खाणीतले निम्म्याहून जास्त कामगार वेठीचे नव्हते, रोजंदारीवर आलेले होते. वेठ चुकवायला लोक गाव सोडून पळत आणि दुसरीकडे ‘परका’ म्हणून राहत. पैसेवाले बदली माणूस देत. आफ्रिकेतून आणलेले गुलाम टांकसाळीत राबत. इंटरनेटवर या डोंगराने ऐंशी लाख बळी घेतले असा आकडा फिरतो. तो कुठल्याही नोंदवहीवर उभा नाही आणि आजचे इतिहासकार तो धरत नाहीत. खाणीतल्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसने फुप्फुसं दगड होऊन मेलेल्या माणसांची गोष्ट त्या आकड्याशिवायही पुरेशी भयंकर आहे.

खाणीत आजही लोक काम करतात. बोगद्यात शिरलं की आत शिंगं असलेली मातीची एक बसकी मूर्ती असते, ‘तिओ’, म्हणजे काका. तोंडात पेटती सिगारेट, मांडीवर कोकाची पानं, पुढे दारूचे थेंब. खाणकामगार शुक्रवारी त्याची आराधना करतात. बाहेर चर्च आणि मेरी. जमिनीखाली मात्र राज्य काकांचं.

ही चांदी भारतात आली होती?

आली, भरपूर आली. पोतोसीची आणि मेक्सिकोची. आपल्याकडचं कापड, मिरी, नीळ युरोपला हवी होती आणि युरोपकडचं फारसं काही आपल्याला नको होतं, म्हणून इंग्रज आणि डच कंपन्या पेट्या भरून स्पॅनिश रेआल नाणी सुरतेला आणत. काही चांदी लाल समुद्राच्या वाटेने येई, काही मनिलाहून. सुरतेच्या मोगल टांकसाळीत ती वितळून रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, तेव्हा हाती लागलेल्या चांदीत सेर्रो रिकोचा अंश असणं अगदी शक्य आहे. सिद्ध मात्र करता येणार नाही. वितळलेल्या चांदीला गाव नसतं.

मग स्पेन एवढ्या चांदीवर गब्बर का राहिला नाही?

राजाचा पाचवा हिस्सा बंदरात उतरायच्या आतच सावकारांकडे गहाण पडलेला असे. युरोपभर युद्धं चालू होती. एकट्या दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत, १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ मध्ये, राजाने कर्जफेड थांबवली. देशात भाव चढले, मालाचं उत्पादन बाहेर गेलं.

१८२५ च्या स्वातंत्र्याने सामान्य माणसाला काय मिळालं?

सुरुवातीला नवं नाव, मुक्तिसेनानी सिमोन बोलिव्हारच्या नावावरून. बाकी फारसं काही नाही.

उठाव खरं तर आधीच झाला होता, पण तो आयमारा लोकांचा. १७८१ मध्ये तुपाक कातारी आणि बार्तोलिना सिसा या जोडप्याने ला पाझला महिनोन्‌महिने वेढा घातला. कातारीला चार दिशांना घोडे बांधून फाडलं, पुढच्या वर्षी सिसाला मारलं. ला पाझच्या गोऱ्या घरांत ती भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरली. त्यामुळे स्वातंत्र्य आलं तेव्हा ते वरच्या वर्गाने आपल्यापुरतं बेतून घेतलं. काल-परवापर्यंत राजाच्या गोटात असलेले कासिमिरो ओलान्येतासारखे वकील नव्या प्रजासत्ताकाचे शिल्पकार झाले. ‘इंडियन’ म्हणजे तिथल्या मूळ लोकांवरचा जुना डोईपट्टीसारखा कर बोलिव्हारने रद्द केला. तिजोरी रिकामी दिसताच १८२६ मध्ये तो परत लावला. पुढची कित्येक दशकं सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग याच करातून येत होता. १८६६ मध्ये हुकूमशहा मेल्गारेहोने गावांच्या सामायिक जमिनी विकायला काढल्या. ज्यांच्या करावर राज्य चालत होतं, त्यांच्याच जमिनी.

राजधान्या दोन का?

घटनेप्रमाणे राजधानी सुक्रे, सरकार बसतं ला पाझला. चांदीवाले जुने जमीनदार सुक्रेचे, कथीलवाले नवे लोक ला पाझचे. १८९९ च्या यादवीत ला पाझवाले जिंकले. त्यांनी आयमारा नेता साराते विल्काची फौज मदतीला घेतली, आणि काम झाल्यावर त्यालाच अटक करून संपवलं.

समुद्र कसा गेला? आणि समुद्र नसताना नौदल कशाला?

अटाकामा वाळवंटाचा किनारा १८७९ पर्यंत बोलिव्हियाचा होता. तिथे सोरा निघे, खत आणि दारूगोळा दोन्हींना लागणारा. भांडवल चिली आणि ब्रिटिशांचं, मजूर चिलीचे. बोलिव्हियाचा तिथे झेंडा होता, माणसं नव्हती. १८७८ मध्ये सोऱ्याच्या क्विंटलमागे दहा सेंट कर लावला. कंपनीने भरायला नकार दिला, सरकारने जप्तीची तयारी केली, आणि १४ फेब्रुवारी १८७९ ला चिलीचं सैन्य अँटोफागास्टात उतरलं. दहा सेंटांवरून चारशे किलोमीटर किनारा गेला. १९०४ च्या तहाने त्यावर शिक्का बसला. बदल्यात चिलीने आरिका बंदरापासून ला पाझपर्यंत रेल्वे बांधून दिली.

जखम भरलेली नाही. दर २३ मार्चला समुद्र दिन पाळतात. नौदल आहे, ते तितिकाका सरोवरात आणि नद्यांवर फिरतं. हसू येतं खरं, पण तिथल्या माणसासमोर हसू नका. २०१३ मध्ये बोलिव्हिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०१८ ला निकाल लागला: बोलिव्हियाशी वाटाघाटी करायला चिली बांधील नाही, १२ विरुद्ध ३.

प्रदेश गमावण्याची यादी इथे संपत नाही. रबराचा आक्रे प्रदेश १९०३ मध्ये ब्राझीलकडे गेला. १९३२ ते १९३५ च्या चाको युद्धात पॅराग्वेने रणरणत्या झुडपी रानाचा मोठा भाग घेतला. या युद्धात पठारावरची हजारो पोरं गोळीपेक्षा तहानेने आणि रोगाने मेली. पण याच खंदकांत आयमारा आणि केचुआ या मूळ लोकांची मुलं आणि शहरी मुलं पहिल्यांदा शेजारी बसली, आणि परत आली ती प्रश्न घेऊन.

‘कथिलाचा राजा’ कोण?

सिमोन पातिन्यो. कोचाबांबाकडचा मिश्र वंशाचा माणूस, १९०० च्या सुमाराला यायाग्वा गावाजवळच्या ‘ला साल्व्हादोरा’ खाणीत त्याला कथिलाची जबर शीर लागली. डबाबंद अन्न आणि महायुद्धं यांनी कथिलाला सोन्याचे दिवस आणले. पुढे पातिन्यो जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत मोजला गेला आणि राहायला गेला युरोपात. पातिन्यो, होक्शिल्ड आणि आरामायो या तिघांच्या हातात देशाच्या कथिलाची बहुतेक निर्यात.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. बोलिव्हियाचं कथील आगबोटीने लिव्हरपूलला जाई आणि तिथल्या भट्टीत गाळलं जाई. त्या भट्टीतही पातिन्योचाच पैसा. भाव लंडनमध्ये ठरे. देशात उरे तो खड्डा, मजुरी आणि थोडा कर. स्वतःची मोठी भट्टी, व्हिंतोची, सुरू व्हायला १९७१ उजाडलं.

यालाच ‘साधनसंपत्तीचा शाप’ म्हणतात ना?

म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. शाप म्हटला की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. चांदी, सोरा, कथील, प्रत्येक वेळी करार कुणी केला, भट्टी कुठे होती आणि भाव कुणी ठरवला, याची नावनिशी कागदोपत्री सापडते.

१९५२ मध्ये नेमकं काय झालं?

एप्रिलच्या तीन दिवसांत खाणकामगार डायनामाइट घेऊन ला पाझवर उतरले, पोलीस फिरले, सैन्य मोडलं. एमएनआर (राष्ट्रवादी क्रांतिकारी चळवळ) हा पक्ष सत्तेवर आला, अध्यक्ष व्हिक्तोर पास एस्तेन्सोरो. लगेच तीन गोष्टी झाल्या. मतदानासाठी लिहिता-वाचता येण्याची अट काढली. १९५१ ला सव्वा लाखाच्या आसपास मतदान झालं होतं, १९५६ ला ते साडेनऊ लाखांच्या घरात गेलं. तिन्ही कथीलसम्राटांच्या खाणी ३१ ऑक्टोबर १९५२ ला राष्ट्रीयीकृत झाल्या. आणि २ ऑगस्ट १९५३ ला जमीन सुधारणेचा हुकूम निघाला. जमीनदाराच्या घरी फुकट राबायची पाळी, ‘पोंगो’ची वेठ, त्याने संपली. हा पोंगो मालकाच्या दाराशी झोपे.

फसलं ते खाणींत. राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा खनिजाचा कस उतरलेला होता, यंत्रं जुनाट होती, आणि कोमिबोल या सरकारी कंपनीत भरती मात्र सुरूच राहिली.

चे गेव्हारा तिथेच मारला गेला ना?

हो, ९ ऑक्टोबर १९६७, ला इगेरा गावात. शेतकरी त्याच्या मागे गेले नाहीत, कारण त्यांना जमीन आधीच मिळाली होती. आपल्याकडे टी-शर्टावर तो खूप दिसतो, म्हणून प्रश्न घेतला. बोलिव्हियाच्या इतिहासात त्याच वर्षी जूनमध्ये सैन्याने खाणकामगारांच्या वस्तीवर सान हुआनच्या सणाच्या पहाटे केलेला गोळीबार जास्त महत्त्वाचा.

१९८५ ची महागाई खरंच इतकी भयानक होती?

ऑगस्ट १९८४ ते ऑगस्ट १९८५ मध्ये भाव वीस हजार टक्क्यांहून जास्त चढले. लष्करी राजवटींनी केलेलं परदेशी कर्ज, कोसळलेली करवसुली, आणि तूट भरायला छापलेल्या नोटा. त्या नोटाही परदेशात छापून विमानाने येत. पगार हातात पडला की माणूस तडक ला पाझच्या फुटपाथवरच्या डॉलरवाल्या दलालांकडे धावे, कारण संध्याकाळपर्यंत त्याची किंमत उतरलेली असे. एक कोटी पेसोची नोट निघाली. १९८७ मध्ये दहा लाख जुने पेसो म्हणजे एक नवा बोलिव्हियानो असा हिशेब झाला, तेव्हा ती कोटीची नोट दहाची झाली.

उपाय कुणी केला? त्याच पास एस्तेन्सोरोने, वयाच्या ७७ व्या वर्षी. २९ ऑगस्ट १९८५ च्या २१०६० क्रमांकाच्या हुकुमाने भाव मोकळे, सरकारी खर्च गोठवलेला. महागाई काही आठवड्यांत थांबली. दोनच महिन्यांनी लंडनचा कथीलबाजार कोसळला आणि कोमिबोलच्या वीस हजारांहून जास्त कामगारांना घरी बसवलं. १९५२ ला ज्याने खाणी देशाच्या केल्या, त्याच्याच सहीने त्या रिकाम्या झाल्या. काम गेलेले लोक ला पाझलगतच्या एल आल्तोच्या माळावर आणि कोका पिकवायला चापारेत गेले. संघटना बांधायची सवय त्यांनी बरोबर नेली.

पाण्याचं आणि गॅसचं युद्ध म्हणजे काय?

संघटना बांधायच्या त्या सवयीचा परिणाम. १९९९ मध्ये कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा परदेशी भागीदारीतल्या खासगी कंपनीकडे गेला, बिलं फुगली, आणि २००० मध्ये शहराने रस्ते अडवून करार रद्द करायला लावला. मग देशातला नैसर्गिक गॅस चिलीच्या बंदरातून बाहेर पाठवायची योजना आली. चिलीच्या! २००३ च्या ऑक्टोबरमध्ये एल आल्तो पेटलं, साठहून अधिक माणसं मारली गेली, अध्यक्ष सांचेस दे लोसादा अमेरिकेला निघून गेला.

एवो मोरालेस चांगला की वाईट?

दोन्ही, आणि क्रमाने. आयमारा, कोका शेतकऱ्यांचा पुढारी, डिसेंबर २००५ मध्ये पहिल्याच फेरीत जवळपास ५४ टक्के मतं. १ मे २००६ ला गॅसक्षेत्रांवर सैनिक उभे केले, पण प्रत्यक्षात जप्ती नव्हती; कंपन्यांना नव्या करारांवर सह्या करायला लावल्या आणि सरकारचा वाटा खूप वाढवला. गॅसचे भाव चढे होते. गरिबी २००६ च्या सुमारे ६० टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ४० च्या खाली आली. ज्या ला पाझच्या चौकात एके काळी ‘इंडियन’ माणसाला फिरकू देत नसत, तिथे तो अध्यक्ष म्हणून बसला. ही मोठी गोष्ट आहे.

मग खुर्ची सुटेना. चौथ्यांदा उभं राहण्यासाठी २०१६ ला जनमत घेतलं, हरला, तरी न्यायालयाकडून परवानगी मिळवली. २०१९ च्या निवडणुकीवर गैरप्रकारांचे आरोप झाले, सैन्याने पद सोडा म्हटलं, तो देश सोडून गेला. नंतरच्या हंगामी सरकारच्या काळात साकाबा आणि सेंकाता इथे निदर्शकांवर गोळ्या चालल्या. २०२० मध्ये त्याचा अर्थमंत्री लुईस आर्से जिंकून आला, आणि दोघांचं फाटलं. तोवर नव्या विहिरी न खोदल्यामुळे गॅस आटत चालला होता, डॉलरची गंगाजळी तळाला गेली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोद्रिगो पास निवडून आला. तो व्हिक्तोर पास एस्तेन्सोरोच्याच कुळातला.

आता लिथियमवर सगळं पालटेल?

पोतोसी प्रांतातलं उयुनीचं मिठागर दहा हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या लिथियम साठ्यांपैकी एक त्यात आहे. पण त्यात मॅग्नेशियम जास्त, पावसाळ्यात पाणी साचतं, त्यामुळे चिलीसारखं नुसतं उन्हात वाळवून भागत नाही. रशियन आणि चिनी कंपन्यांशी करार झाले, वाद झाले, प्रत्यक्ष उत्पादन नगण्य आहे. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे गेले होते, तेव्हा भारतानेही लिथियमबाबत सामंजस्य करार केला. पोतोसीचे लोक या करारांवर विचारतात तो प्रश्न सोपा असतो: बॅटरी कुठे बनणार?

आज बोलिव्हियातून भारतात काय येतं?

मुख्यतः सोनं. ॲमेझॉनकडे वाहणाऱ्या नद्यांच्या काठावर सहकारी टोळ्या गाळ उपसतात आणि तोलेदोच्या काळात चांदी काढायचे तसंच, पाऱ्याने सोनं धरतात. तो पारा नदीत उतरतो, माशांत जातो, आणि मासे खाणाऱ्या काठावरच्या माणसांच्या अंगात. सोनं विमानात बसतं, आणि भारतात आलं की वितळवलं जातं.